रंग ‘काढायचा’ म्हणजे काय? रॉ फाइल आणि आपल्या जिल्ह्याचे फोटो

पडद्यावर जो फोटो आहे तो कांद्याच्या ढिगाचा, एवढं शेवटच्या रांगेलाही कळलं असेल. नंतर हे लिखित रूपात वाचणाऱ्यांसाठी सांगतो: नगरच्या कांदा बाजारातला ढीग आहे, वर निळी ताडपत्री, बाजूला गोण्या, आणि कांदे असे लालबुंद की डाळिंबं वाटावीत. हा फोटो आमचाच. आज ज्या गोष्टीवर टीका करायची आहे तिचा पहिला नमुना आमच्याच घरचा घेतलेला बरा.

दोन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही तिघे-चौघे रॉ फाइलवर काम करायला शिकत होतो. हा फोटो संगणकावर उघडला तेव्हा मळकट दिसला. राखाडी, निस्तेज, कुणी धूळ टाकल्यासारखा. मग जे सगळे करतात तेच आम्ही केलं. कॉन्ट्रास्ट वाढवला, सॅच्युरेशन वाढवलं, लाल रंगाचा स्लायडर वेगळा ओढला. फोटो झळकला. चांगल्या कागदावर प्रिंट काढली आणि ज्यांचा तो ढीग होता त्या काकांना कौतुकाने नेऊन दिली. त्यांनी ती हातात धरली, जरा लांब नेली आणि म्हणाले, “हा लाल कांदा कुणाचा काढला? माझा तर गावरान होता.”

इथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना यातलं मर्म लगेच कळलं, हसू ऐकू आलं. उरलेल्यांसाठी सांगतो. आपल्याकडे बाजारात लाल कांदा आणि गावरान कांदा ही दोन वेगळी नावं आहेत, दोन वेगळे हंगाम आहेत. लाल कांदा पावसाळी लागवडीचा. तो गडद असतो आणि टिकत नाही, काढला की विकायचा. गावरान म्हणजे उन्हाळी. तो फिकट, विटकरी-गुलाबी असतो आणि चाळीत चार-पाच महिने सहज राहतो. म्हणजे शेतकरी थांबू शकतो, भावाची वाट बघू शकतो. व्यापारी गोणीत हात घालायच्या आधी सालीच्या रंगावरून अर्धा हिशोब करून मोकळा होतो. आणि आम्ही एका स्लायडरने काकांचा चार महिने टिकणारा माल आठ दिवसांत विकायचा करून टाकला होता.

त्या दिवसापासून एक शब्द आमच्या डोक्यात अडकून बसला. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांत, स्टुडिओत, प्रीसेट विकणाऱ्यांत, सगळीकडे तो चालतो: “कलर भारी काढलाय.” काढलाय. जसा चरकातून रस काढावा. रॉ फाइल म्हणजे ऊस, सॉफ्टवेअर म्हणजे चरक, आणि रंग आत भरलेलाच आहे, फक्त दाबायचा अवकाश. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात हे रूपक पटायला सोपं जातं. पण ते साफ चुकीचं आहे. का, ते समजायला थोडं यंत्राच्या पोटात शिरावं लागेल. कंटाळू नका, पाच मिनिटांचं काम आहे.

कॅमेऱ्याच्या सेन्सरला रंग कळत नाही. त्याला उजेड किती पडला एवढंच कळतं. म्हणून त्याच्यावर बारीक बारीक रंगीत गाळण्यांची जाळी बसवतात. कोडॅकमध्ये काम करणाऱ्या ब्राइस बेयर यांनी ही रचना मांडली, पेटंट १९७६ चं. चार चौकोनांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण माणसाचा डोळा उजेडातले बारकावे त्या भागात जास्त टिपतो. आता बघा: प्रत्येक ठिकाणी यातला एकच रंग मोजला जातो. उरलेले दोन शेजारच्या ठिपक्यांवरून अंदाजाने भरले जातात. म्हणजे तुमच्या फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या तीन आकड्यांपैकी एक मोजलेला आणि दोन अंदाजाचे. अंदाज फार हुशारीने केलेले असतात हे खरं, पण अंदाजच.

मग दुसरी गोष्ट, व्हाइट बॅलन्स. जाळीतून आलेले आकडे तसेच पडद्यावर टाकले तर फोटो हिरवट दिसतो. लाल आणि निळ्या आकड्यांना कशाने तरी गुणावं लागतं, म्हणजे पांढरं पांढरं दिसेल. कशाने गुणायचं? ते उजेडावर अवलंबून. भर दुपारचं ऊन साधारण ५५०० केल्विन, जुना पिवळा बल्ब तीन हजाराच्या आसपास, सावली सात-आठ हजारावर. रॉ फाइलमध्ये कॅमेऱ्याने स्वतःचा एक अंदाज चिठ्ठीसारखा लिहून ठेवलेला असतो. तो पाळायचं बंधन तुमच्यावर नाही. कॅमेऱ्याच्या पाठीमागे जे चित्र दिसतं तेही रॉ नव्हेच. ते कॅमेऱ्याने स्वतःच्या आवडीने केलेलं छोटं जेपेग असतं, आणि तिथला हिस्टोग्रामसुद्धा त्या जेपेगचाच.

रॉचा खरा फायदा आहे तो मोकळ्या जागेचा. जेपेगमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या. १४ बिटांच्या रॉमध्ये १६,३८४. म्हणून अंधारातलं थोडं वर आणता येतं, उजेडातलं थोडं वाचवता येतं, चुकलेला व्हाइट बॅलन्स नुकसान न होता बदलता येतो. पण पायऱ्या जास्त आहेत याचा अर्थ कोणत्या पायरीवर थांबायचं हे फाइलीला माहीत आहे असा नाही. त्या दिवशी कांदा कसा दिसत होता, हे फाइलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते फक्त काकांना माहीत होतं. आम्हालाही माहीत असायला हवं होतं, कारण आम्ही तिथे उभे होतो. आम्ही बघितलं नाही, एवढंच.

याला उत्तर म्हणून कुणी म्हणेल, मग जेपेगच काढा, कॅमेरा देतो ते खरं माना. तेही नाही जमत. जेपेगमध्येही कुणीतरी ठरवलेलंच असतं, फक्त तो माणूस कॅमेरा कंपनीत बसलेला असतो आणि त्याने नगरचा बाजार बघितलेला नसतो. फिल्मच्या काळातही हेच होतं. कोडॅकच्या प्रिंट जुळवायला प्रयोगशाळांत एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड वापरत. तिची कातडी बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळ्या चेहऱ्यांचं काय होतं हा प्रश्न कितीतरी वर्षं कुणाला पडलाच नाही. आणि आपल्याकडचं उदाहरण तर मराठी माणसाने विसरूच नये. ‘प्रभात’ने कोल्हापुरात असताना ‘सैरंध्री’ रंगीत करायला घेतला, शांतारामबापूंचं दिग्दर्शन, १९३३ सालचा चित्रपट. रंगाची प्रक्रिया आणि प्रिंट जर्मनीत. मेहनत प्रचंड, खर्च प्रचंड, आणि रंग फसले. त्या काळचं तंत्र कच्चं होतं, हे मुख्य कारण. तरीही तो प्रसंग वाचताना आम्हाला दरवेळी वाटतं, चित्रीकरण कोल्हापूरच्या उजेडात आणि रंगाचा निकाल सातासमुद्रापलीकडच्या प्रयोगशाळेत! आज प्रयोगशाळा आपल्या टेबलावर आली आहे. तरी आपण निकाल दुसऱ्याच्या प्रीसेटवर सोपवतो, याला काय म्हणावं?

आता मूळ टीकेकडे येतो.

आपल्या जिल्ह्यातून जगभर सर्वांत जास्त गेलेलं चित्र कोणतं असेल? बहुधा शिर्डीच्या साईबाबांचं. बाबांनी देह ठेवला १९१८ साली. त्यांचे जे थोडे अस्सल फोटो आहेत ते कृष्णधवल. घराघरांत रंगीत तसबिरी आहेत त्या सगळ्या नंतर कुणाच्या तरी हाताने रंगलेल्या. म्हणून एका घरात कफनी शुभ्र, दुसऱ्या घरात भगवी, तिसऱ्या घरात फिकट निळी. यात कुणाला फसवणूक वाटत नाही आणि वाटूही नये. तसबिरीचं काम नोंद ठेवण्याचं नसतंच. तिच्यासमोर हात जोडायचे असतात, तिचा रंग भावातून येतो, आणि बघणाऱ्यालाही ते ठाऊक असतं.

आमची तक्रार अशी आहे की आपण जिल्ह्याच्या सगळ्याच फोटोंच्या तसबिरी करायला लागलो आहोत, आणि बघणारा मात्र त्यांना नोंद समजून बघतो आहे.

भंडारदऱ्याचे काजवे घ्या. मे संपता संपता आणि जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस उतरण्याआधी, अकोले तालुक्यात कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, उंबर अशा झाडांवर काजवे लागतात. ज्यांनी प्रत्यक्ष पाहिलं आहे त्यांना विचारा. आधी काहीच दिसत नाही. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटं जातात. मग इथे एक, तिथे दोन, आणि मध्येच एखादं झाड सगळं एकदम उजळतं आणि विझतं. त्या विझण्यात खरी मजा आहे. उजेडापेक्षा मधला अंधार लांब असतो.

आणि फोटोत? संपूर्ण झाड दिव्यांनी मढलेलं, खाली गालिचा, वर गर्द निळं आकाश. हा फोटो कसा होतो ते सांगतो, कारण आम्हीही केलेला आहे. तिपाई लावायची, वीस-तीस सेकंदांचे शंभरेक फोटो घ्यायचे आणि ते एकमेकांवर रचायचे, असे की प्रत्येक ठिकाणचा सर्वांत उजळ ठिपका टिकेल. म्हणजे पाऊण तासात चमकलेला प्रत्येक काजवा एकाच क्षणी चमकल्यासारखा. विझणं पूर्ण वजा. मग व्हाइट बॅलन्स मुद्दाम खाली, बल्बच्या उजेडाला आणायचा, म्हणजे आकाश निळं होतं. पण तो काजव्यांनाही लागतो, त्यांचा पिवळसर हिरवा निऑनसारखा होतो, मग ते वेगळे निवडून पुन्हा सोनेरी करायचे. हे काम सोपं नाही. त्यातलं कौशल्य आम्ही नाकारत नाही, काही फोटो खरोखर देखणे आहेत. फोटोखाली एक ओळ असती, इतके फोटो, इतक्या वेळातले, तर आमची काही तक्रार नव्हती.

ती ओळ नसते. मग पुण्या-मुंबईहून, नाशिकहून माणूस गाडी घेऊन येतो, फोटोतलं झाड शोधतो. ते सापडत नाही. मग मोबाइलचा टॉर्च लागतो, गाडीचे दिवे लागतात. काजव्याचा उजेड हा नर-मादीचा एकमेकांना दिलेला इशारा आहे. त्यावर हेडलाइट मारला की संवाद बंद. गर्दीला आवर घालायला वन विभागाला टॉर्चवर, गाड्यांवर, वेळेवर नियम घालावे लागले. या गर्दीतून तिथल्या ठाकर आणि महादेव कोळी वाड्यांना चार पैसे मिळतात, हेही खरं, आणि ते आम्ही हलकं मानत नाही. पण गर्दीला काय बघायला बोलावलं, यात त्या फोटोंचा हात आहे. आमच्याही.

दुसरं उदाहरण अगदी उलट्या टोकाचं, कर्जत तालुक्यातलं रेहेकुरी. काळविटांचं अभयारण्य, जेमतेम २.१७ चौरस किलोमीटर, १९८० सालचं. तिथल्या काळविटाचा फोटो म्हणजे ठरलेला: मावळतीचा केशरी धुरळा, त्यात काळी कुळकुळीत आकृती, पिळदार शिंगं. आता काळवीट नराचा रंग वयाबरोबर गडद होत जातो. कोवळा नर मादीसारखाच बदामी, मग तपकिरी, आणि भरात आलेला नर जवळजवळ काळा. पाठीचा रंग म्हणजे त्याचा जन्मदाखला आहे. आम्ही काय करतो? गडद भाग आणखी दाबतो, आणि तपकिरी पाठीचा तरणा नर एका झटक्यात कळपाचा मालक होतो. किंवा उलट, सावल्या उचलतो आणि म्हाताऱ्याचा पोरगा करतो. कांद्याचीच गोष्ट पुन्हा. ज्याला रंग वाचता येतो त्याच्यासाठी तो रंग म्हणजे माहिती असते, आणि आपण तिला सजावट समजतो.

गवताचं तर विचारूच नका. नगर जिल्हा म्हणजे पश्चिमेला घाटमाथ्यावर धो धो पाऊस आणि पूर्वेला, दक्षिणेला पर्जन्यछायेचा कोरडा टापू. रेहेकुरीचं माळरान वर्षातले बरेच महिने पिवळं असतं. त्या पिवळ्यातही प्रकार आहेत. नुकतं वाळलेलं गवत वेगळं, जनावरांनी खाऊन उरलेलं वेगळं, कडब्याच्या गंजीचा पिवळा वेगळा, दोन उन्हाळे खाल्लेला पाचट वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये पिवळ्याची छटा हिरव्याकडे सरकवायची सोय आहे, आणि ‘निसर्ग’ नावाने विकले जाणारे बहुतेक प्रीसेट तेच करतात. एप्रिलमधला कर्जतचा माळ एका क्लिकमध्ये कोकण होतो. आमच्या एका जुन्या प्रिंटमध्ये टँकरची वाट बघत ओळीने ठेवलेल्या हंड्यांमागे हिरवंगार गवत आहे. त्या वेळी आम्हाला ते सुंदर वाटलं होतं. आता ती प्रिंट कपाटातून बाहेर काढायची लाज वाटते.

चांदबिबी महालावर फार वेळ घालवत नाही. मुळात ती सलाबतखानाची कबर, चांदबिबीचा तिथे महाल नव्हता. नाव आधीच दुसऱ्याचं होतं, आता काळा-करडा दगडही नारिंगी आणि आकाश जांभळं करून रंगही दुसऱ्याचा दिला आहे. पावसाळ्यात त्या दगडावर शेवाळ येतं, उन्हाळ्यात ते करपून काळं पडतं. एवढा एक बदल जरी कुणी वर्षभर नीट टिपला तरी आम्ही त्याच्या प्रदर्शनाला पहिल्या दिवशी जाऊ.

दरवेळी इथे एक प्रश्न येतो, म्हणून आधीच घेतो. कलाकाराला स्वातंत्र्य नाही का? आहे की. रघुवीर सिंग यांच्यासारख्या छायाचित्रकाराने आयुष्यभर भारत रंगीतच पाहिला, कृष्णधवल ही आपली नजर नव्हे असं मांडलं, आणि त्यांचे रंग भरगच्च आहेत. पण त्यांचे फोटो जवळून बघा. भरगच्च रंगाच्या शेजारी मातकट भिंत मातकटच राहते, धूळ धूळच राहते, म्हणून साडी पेटते. सॅच्युरेशनचा स्लायडर सगळ्यांना सारखा चढवतो, मग कुणीच उठून दिसत नाही. त्यात आणखी एक तोटा. गुलाल, झेंडू, पळस, कुंकू यांचा लाल-पिवळा आधीच इतका तीव्र असतो की पडद्याच्या मापात मावत नाही. वर ओढला की पाकळीवरच्या रेषा जातात, सपाट ठिगळ उरतं. स्वातंत्र्य घ्यायचं तर पाकळी शिल्लक ठेवून घ्यावं.

आता शिकायचं कसं. आम्ही जसे शिकलो, म्हणजे चुकत, तसं सांगतो. सॉफ्टवेअरचा बाऊ करू नका. पैसे असतील तर लाइटरूम, नसतील तर डार्कटेबल किंवा रॉथेरपी फुकट आहेत, आणि जे आज बोललो त्यासाठी पुरेसे आहेत. फोटो काढताना खिशात एक छोटी वही ठेवा. जागेवर उभं राहून रंगाचं नाव लिहा, आणि तुमच्या भाषेत लिहा: विटकरी, मोरपंखी, राखी, तांबूस, कडब्यासारखा. ‘पिवळा’ लिहून भागवू नका. पहिल्या चौकटीत एक राखाडी कार्ड धरून फोटो घ्या, म्हणजे घरी व्हाइट बॅलन्सला काहीतरी आधार राहतो. कार्ड नसेल तर कापलेल्या कांद्याचा पांढरा भाग किंवा धुतलेलं धोतर चालेल, पण निळीचं धोतर नको, ते फसवतं. मग घरी आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्सपोजर, आणि तिथे थांबून वही उघडा. वहीत लिहिलंय त्याच्यापासून पडदा किती लांब आहे ते बघा, आणि तेवढंच चाला. सॅच्युरेशनला हात लावायची वेळ आमच्यावर आता दहातल्या एखाद-दुसऱ्या फोटोला येते.

आणि शक्य असेल तेव्हा प्रिंट परत त्या जागी, त्या माणसाकडे न्या. याच्याइतका कडक परीक्षक दुसरा नाही.

कांद्याची फाइल आम्ही पुन्हा उघडली. चूक नेमकी कुठे होती ते यावेळी दिसलं. वरच्या निळ्या ताडपत्रीतून गाळून आलेला उजेड निळसर होता, म्हणून मूळ फाइल मळकट वाटली होती. लाल वाढवायची गरजच नव्हती. व्हाइट बॅलन्स उबदार केला, एक्सपोजर किंचित वर, बस्स. कांदा विटकरी-गुलाबी झाला, सालीचा कागदी चुरचुरीतपणाही आला. नवी प्रिंट घेऊन काकांकडे गेलो. यावेळी त्यांनी फोटो बराच वेळ बघितला. म्हणाले, “हां. हा माझा. पण ताडपत्री जुनी दिसतीय. नवीकोरी आणली होती मी.”

बरोबर होतं त्यांचं. उजेडाचा निळेपणा काढताना ताडपत्रीचाही निळा आम्ही काढून घेतला होता. कांद्याला एक व्हाइट बॅलन्स आणि ताडपत्रीला दुसरा, असं करता येतं का, दोन्हीच्या मधली गोणी मग कोणत्या बाजूला धरायची, यावर आमच्यात अजून एकमत नाही. फाइल इथेच लॅपटॉपवर आहे. दिवे लावा, ज्यांना हात चालवून बघायचा आहे त्यांनी पुढे या.